दहा सेंटांचा डबा

कुठून सुरुवात करायची, असं मी विचारलं
तर लोरेटा काउंटरवरचा सँडविचचा कागद चुरगळत म्हणाली,
"हात धुऊन."

थट्टा नव्हती ती. माझ्या नखांत
अठ्ठावीस वर्षांचं बसगाड्यांचं ग्रीस.
दुकानामागच्या बेसिनवर दोनदा साबण लावला
आणि तळवे पुढे धरून दाखवले,
बावन्नाव्या वर्षी.

काचेच्या कपाटात बडी मंडळी,
ज्याची त्याची प्लॅस्टिकची पेटी, पेटीला नंबर.
तिकडे तिनं मला फिरकू दिलं नाही.
"ती विकणाऱ्यांसाठी. तू ठेवणारा दिसतोस."
आणि पायानंच पुढे सरकवला
एक लांबोळका पुठ्ठ्याचा डबा.
कोणतंही घे, दहा सेंट.

बाहेर सरोवरावरून येणारं वारं
डुलुथच्या पाट्या खडखडवत होतं.
मी फरशीवर मांडी ठोकली.
पुढून सगळे एका माळेचे मणी:
टोपी, फुगलेला गाल, डोळ्यांवर ऊन,
कुणीतरी "हस" म्हटल्यावर हसलेले.

"पालथं कर," लोरेटा म्हणाली,
"कार्ड मागून वाचतात."

मागे मुंगीच्या पावलांएवढे आकडे.
कुणाच्या ओळींवर ओळी, मोसमामागून मोसम,
आणि कुणाच्या वाट्याला एकच.
सामने: तीन. धावा: शून्य.
मग उरलेली जागा रिकामी दिसू नये म्हणून
छापखान्यातल्या कुणा भल्या माणसानं घातलेलं वाक्य:
वर्नन हिवाळ्यात सासऱ्याच्या दुकानात खिळे विकतो.
लायलला बटाट्याचं सूप आवडतं.

ठरलं. एका ओळीची माणसं जमवायची.
का, ते मला धड सांगता येणार नाही.
लोरेटानं विचारलंही नाही,
पातळ पिशव्यांची एक चळत दिली, म्हणाली,
"रबर लावू नकोस. कडा खातं."

जेवणाच्या डब्यातून कार्डं घरी यायची.
मार्चच्या शेवटी, विसावं की एकविसावं असेल,
पालथं केलं आणि हात तिथंच थांबला.
ऑर्विल टोलेफसन. डावखुरा.
सामने: एक. बाद केले: दोन.
ऑर्विलला लाकडाचे पक्षी कोरायचा छंद आहे.

आमचा बॉयलरवाला!
बारा वर्षं डेपोत येतोय,
पाइपवर कान ठेवून ऐकतो, पाना फिरवतो, जातो.
बेसबॉलचा ब नाही कधी तोंडात.

कार्ड त्याच्यासमोर धरलं तेव्हा
चश्मा कपाळावर नेऊन
तो त्या मिशी न फुटलेल्या पोराकडे बघत राहिला.
"किती पडले?"
"दहा सेंट."
"नाडलं तुला."

मग पालथं केलं, वाचलं,
आणि खो खो हसत पायऱ्यांवर बसला.
"पक्षी! आयुष्यात चमचा कोरला नाही मी.
फोनवर त्या बाईनं विचारलं, छंद काय तुमचा?
समोर खिडकीत चिमणी बसली होती.
काहीतरी सांगायला तर हवं होतं."

त्या दोघांना कसं बाद केलं, ते विचारायचं होतं.
पुढे आलेल्या तिसऱ्याचं काय झालं, तेही.
पण त्यानं कार्ड कडेकडेनं धरून,
न सांगता, अगदी लोरेटानं शिकवल्यासारखं,
माझ्या हातात परत दिलं
आणि बॉयलरकडे वळला.

आता माझ्याकडे त्रेसष्ट झाली आहेत.
बाजारात विचाराल तर
सहा डॉलर तीस सेंट, तेही कुणी दिले तर.

ऑक्टोबरात पहिली थंडी पडली
तसा ऑर्विल आला, बॉयलर पेटवला,
जाताना हत्यारांच्या पेटीतून काहीतरी काढून
माझ्या बाकावर ठेवलं, आणि थांबला नाही.
पाइन लाकूड. बदक असावं.
नाहीतर बूट.
चोचीपाशी सुरी घसरल्याची खूण.

मी आधी बेसिनवर गेलो.
दोनदा साबण लावला.
मग उचललं.