लेटनंतर टू नाही

गुरुवारी संध्याकाळी स्वान्झीत, चॅपलच्या मागच्या खोलीत
मी फळ्यावर तीन क्रियापदं लिहिते:
लेट, अलाउ, परमिट.
तिघांचं काम एकच, चाली निराळ्या.
अलाउ आणि परमिट टू-शिवाय पाऊल टाकत नाहीत,
लेटला टू खपत नाही.
म्हणजे दारातून आत आल्यावर पुन्हा दार नको, असं मी म्हणते
आणि जीभ चावते.
या वर्गात दारांची उदाहरणं जपून द्यावीत.

तेस्फालेमची वही:
दे डू नॉट लेट मी टू वर्क.
मी टू खोडते, लाल शाईनं, सवयीनं.
वाक्य शुद्ध झालं.
तो वाचतो, पुन्हा एकदा वाचतो,
आणि विचारतो, 'मिसेस प्रॉसर, मग आता मी कामाला जाऊ?'
सगळे हसतात.
मीही हसते, जरा उशिरा.

हेवीनला हवं होतं, यातले 'दे' म्हणजे कोण.
मी म्हटलं, माहीत नसेल तर कर्मणी वापर:
आय ॲम नॉट अलाउड.
इथे कर्ता सांगावाच लागत नाही.
'पत्रंही अशीच येतात,' ती म्हणाली,
'खाली सही असते, नाव लागत नाही.
आता लेटचं कर्मणी करून दाखवा.'
मी खडू हातात घेऊन उभी.
होत नाही ग, लेटचं होत नाही.
लेट म्हणणाऱ्याला वाक्यात तोंड दाखवावंच लागतं.
एकतीस वर्षं शिकवतेय,
हे मला परवा दिसलं.

इद्रीस प्रत्येक गोष्टीला मे लावतो.
मे आय बसू, मे आय खोकू, मे आय पाणी.
मी सांगते, बाबा रे, मे आता लग्नाच्या कोटासारखा,
वर्षातून दोनदा बाहेर काढायचा.
रोजच्याला कॅन पुरे.
तो मान डोलावतो. विचार करतो.
'मे आय यूज कॅन?'

आणि द्रिता. तिनं लिहिलं होतं,
गेल्या डिसेंबरात आय कुड सी माय सन.
कुड नाही चालणार, मी म्हटलं,
कुड नेहमीच्या मुभेला;
एकदाच घडलं असेल तर वॉज अलाउड टू.
किती वेळा भेटलीस?
'एकदा. चाळीस मिनिटं. त्यातली दहा तो झोपलेला.'
तिनंच कुड खोडलं, पट्टी लावून, सरळ.
मग म्हणाली, 'आणि भेटू दिलं नाही, तेव्हा?'
नकारात दोन्ही चालतात, एकदा असो की रोज.
नकाराच्या बाबतीत व्याकरणाचा हात सढळ आहे.
हे मी बोलले नाही,
पुस्तकाचं पान उलटलं.

सप्टेंबरपासून खोलीतली ट्यूबलाइट फडफडते.
आम्ही तिच्यासकट शिकतो,
शब्द दिसतात, जातात, पुन्हा दिसतात.
परवा इद्रीस उठला.
मे नाही, कॅन नाही, माझ्याकडे बघणंही नाही.
खुर्ची ओढली, चढला,
ओमदुरमानमध्ये बारा वर्षं केलं असेल तसं
स्टार्टर काढला, फुंकला, फिरवून बसवला.
उजेड एकदम स्थिर.
आमचे चेहरे इतके दमलेले आहेत,
हे तोवर कुणाला ठाऊक नव्हतं.
'हे काम धरतात का?' तेस्फालेमनं हळूच विचारलं.

तेवढ्यात किल्ल्या वाजवत मिस्टर हॉवेल्स दारात.
साडेसात झाले होते.
त्यांनी वर बघितलं, मग खुर्चीवरच्या बुटाच्या ठशाकडे,
मग आम्हा सगळ्यांकडे, एकेक करून.
'हे कुणी केलं?'

इट वॉज फिक्स्ड, मी म्हटलं.
स्वच्छ, ठणठणीत कर्मणी.
पुढे बाय लावला नाही.
हेवीननं ते वहीत उतरवून घेतलं.

इद्रीस खाली वाकून
बाहीनं खुर्ची पुसत होता.