बी शून्य पाच

देवपुरात रात्री साडेआठला माझी सकाळ होते.
समोरचा शेवभाजीवाला कढई उतरवतो
आणि मी मधल्या खोलीत, शिलाई मशीनच्या टेबलावर
अमेरिकेतला एक दवाखाना उघडते.

नावं झाकलेली, वयं उघडी.
मी फक्त आजाराला आकडा देते.
शिडीवरून पडला, त्याचा वेगळा.
कोंबडीनं चोच मारली, त्यालासुद्धा आहे, खरंच.
आणि परवडत नाही म्हणून
इन्शुलिन कमी टोचून घेतलं, त्यालाही आहे.
तो पहिल्यांदा टाकला तेव्हा वाटलं, माझंच चुकलं.
तेजल भामरे मॅडमना विचारलं.
बरोबर आहे, म्हणाल्या, पुढची फाइल घे.

एकदा तिकडचं सरकारच बंद पडलं.
आई कांदा चिरता चिरता थांबली.
सरकार बंद पडायला ती काय सूतगिरणी आहे?
मग भोंगा कोण वाजवतं?
मला सांगता आलं नाही.

धाकटा हर्षल जळगावला, चटईच्या कारखान्यात.
तिकडे कुणीतरी सही केली, जकात वाढली,
इकडे कंटेनर फाटकातच उभा.
या महिन्यात त्यानं अर्धा पगार आणला
आणि चार चटया,
प्रत्येकीवर एका पायावर उभे गुलाबी पक्षी.
त्यांच्या समुद्राकाठी पसरायच्या होत्या.
आई गच्चीवर त्यांवर कुरडया घालते.

आणि माझा पगार वाढलाय.
कसा, ते हर्षलसमोर बोलत नाही.
तिकडे माणसं आजारी पडली
की आमच्याकडे ओव्हरटाइम येतो.

मार्चपासून एक आकडा सारखा यायला लागला.
बी शून्य पाच.
वय चार. वय सहा. वय अकरा महिने.
लस : घेतलेली नाही.
कारण : पालकांचा नकार.

आई पाण्याला उठली होती, मागे उभी राहून बघत होती.
इंग्रजी येत नाही तिला, पण अंगावरचा फोटो येतो वाचता.
"गोवर? आते? तथा?"
मग बराच वेळानं,
"तेस्ना घर फ्रीज नही शे का वं?"

एकतीस वर्षं नर्स होती ती, बोराडीच्या वरच्या अंगाला.
खांद्यावर निळा डबा, डब्यात बर्फ,
बर्फ विरघळायच्या आत पाडा गाठायचा.
नकार तिनंही पाहिले.
एका पावऱ्याच्या दारात तीनदा गेली,
तिसऱ्यांदा त्याची म्हातारी म्हणाली, बस, आधी भाकर खा.
हिनं खाल्ली. हात धुतले. मग टोचलं.
एवढंच सांगते ती, त्यात काही मोठं नाही तिच्या लेखी.

तो डबा अजून आहे.
लोडशेडिंगच्या दिवशी तिचं स्वतःचं इन्शुलिन त्यात ठेवते.
पूर्ण मात्रेचं.
मी रोज शिशी उजेडात धरून बघते,
तिला आवडत नाही ते.

त्या अकरा महिन्यांच्या पोराची फाइल पुन्हा आली,
पुन्हा आली, मग यायची थांबली.
"पोऱ्यानं काय व्हयनं?"
क्लेम मंजूर झाला, आई.
"क्लेम नही. पोऱ्या."
ते आमच्या पडद्यावर नसतं.
"मंग पाडा तरी सांग."
पाडा नसतो तिथं, पाच आकडी पिनकोड असतो,
आणि तोही सांगायचा नसतो, करारात लिहिलंय.

ती काही बोलली नाही.
पहाटे चारला, माझी संध्याकाळ व्हायच्या सुमारास,
डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.
आज लोडशेडिंग नव्हतं.
बघितलं तर फडक्यानं डबा पुसत होती,
आतून, कोपऱ्यांतून,
आणि पट्टा ओढून पाहत होती, धरतो का.