तिऱ्हाईताची जागा

गोळीबार चौकात, बारापात्रे डॉक्टरांच्या जिन्याखाली
माझं दुकान. टायपिंग, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म.
मे महिना. कूलर पाणी कमी आणि आवाज जास्त फेकतो
आणि प्रिंटर छापून नाही राहिला.

छापत नाही म्हणजे असं की
कागद आत घेतो, चांगला शेकतो,
आणि कोराच बाहेर सोडतो,
मशीन तापलेलं, कागदाला मात्र काही ठाऊक नाही.
पडद्यावर एकच ओळ : फिल्टर फेल.

बाकावर निमजेंची मोनाली, मांडीवर फाइल.
जात पडताळणीचे चौदा कागद, उद्या अकरा वाजता.
पणजोबांच्या शाळेचा दाखला इतका जुना
की स्कॅनरचं झाकण लावतानाही
मी श्वास धरला होता.

पुण्याहून भाचा फोनवर :
मावशी, ड्रायव्हर कंपनीचा आहे, आपल्या सिस्टिमचा नाही.
तू त्याला कुठं ठेवलास?
कुठं म्हणजे? जिथं बाकीचे होते तिथं.
यूएसआरमध्ये, त्यांच्या रांगेत बसवून दिला, बिचारा एकटा कशाला.
तिकडून हसण्याचा आवाज.
अगं, ते सिस्टिमचं स्वयंपाकघर.
मागच्या रविवारी नवी आवृत्ती चढवलीस ना?
तिनं ओटा धुतला.
अनोळखी भांडी कोण ठेवतं?

मग त्यानं घर समजावून सांगितलं.
यूएसआर लोकल, म्हणजे तुझ्या हातचं,
स्वतः रांधशील ते तिथं.
आणि जो बाहेरून आला,
ज्याची भांडीकुंडी, भाषा, सगळंच वेगळं,
त्याला ऑप्ट.
परसातली खोली. दारावर कंपनीच्या नावाची पाटी लाव,
त्याचं सगळं सामान तिथंच राहू दे,
आत फक्त एक चिठ्ठी ठेव,
छापायचं असलं की याला हाक मारा, अशी.

मी म्हटलं, म्हणजे भाडेकरू.
तो म्हणाला, हो, पण वेगळं मीटर असलेला.

टाइप करत गेले. एक तिरकी रेघ चुकली,
परत पहिल्यापासून.
मोनालीनं दोनदा पाणी प्यायलं, एकदा मलाही दिलं.
माझ्या टेबलाखाली फरशीचा एक चौकोन वेगळ्या रंगाचा आहे,
तिथं बाबांच्या मागाचा खड्डा होता.
पाय खाली सोडून ते त्यात बसत,
कमरेपर्यंत जमिनीत, कमरेवर धोतरजोडी.
माग विकला त्या वर्षी
खड्ड्यात काय भरलं ते मला आठवत नाही.
राख होती बहुतेक. आणि थोडी वाळू.

सगळं जागच्या जागी, तरी फिल्टर फेल.

कुणाच्या नावावर आहे ती फाइल? भाच्यानं विचारलं.
बघितलं. माझ्या.
बरोबर, मग यंत्रणा तिला चालवणारच नाही.
मालकी रूटची पाहिजे,
दुसऱ्या कोणाला तिच्यात एक अक्षर खुपसता येता कामा नये.
माझंच दुकान, माझीच मशीन, वीजबिल माझं,
आणि माझं नाव होतं म्हणून संशय.
मोनाली ऐकत होती. म्हणाली,
ताई, आमच्या दक्षता पथकानंही असंच विचारलं होतं,
हा दाखला तुमच्याच घरी काऊन सापडला?

नाव बदललं. पासवर्ड टाकला.
प्रिंटर खाकरला, घसा साफ करतात तसा,
आणि पहिलं पान आलं,
काळं, ठसठशीत, थोडं उजवीकडं झुकलेलं.
मग दुसरं. तेराव्याला कागद अडकला, तो मी हातानं ओढला.

अर्जाच्या एका रकान्यापाशी ती थांबली.
ताई, मूळ वास्तव्य काय लिहू?
पाचपावली लिहू, का त्याच्याआधीचं?
मला कूलरचा आवाज फार मोठा वाटायला लागला.
म्हटलं, कार्यालयात विचार. पेन्सिलनं लिही सध्या.

चौदा पानं, अठ्ठावीस रुपये. तीस दिले तिनं,
दोनाची चिल्लर नव्हती, मी एक पाकीट दिलं.

ती गेल्यावर सीपीयूवर पट्टी चिकटवली,
मार्करनं, मोठ्या अक्षरात :
ड्रायव्हर ऑप्टमध्ये आहे.
कोणी हलवू नये.
खाली सही करावी का, यावर थोडा वेळ थांबले.
नाही केली.