गंज

आई सदुसष्टाव्या वर्षी म्हणाली,
पापण्या करून घ्यायच्यात मला.
जसं म्हणावं, शेगडी बदलायचीय.
मी मिठातला कोबी पिळत होते,
तो तसाच हातात राहिला.

योंगदोच्या गोदीत एकतीस वर्षं
दोरांवरच्या फळीवर बसून तिनं
जहाजांचा गंज झोडला.
ठण ठण ठण.
रशियन, जपानी, कुठकुठली.
त्यांची नावं तिला वाचता येत नसत,
पण कुठल्या जहाजाची कातडी कुठं पातळ झालीय
ते हातोडीच्या आवाजावरून सांगायची.
कान त्यातच गेले.
आता पापण्याही उतरल्यात,
अर्ध्यावर अडकलेल्या शटरसारख्या.

पण आई, तुझी कातडी.

छातीवर एकदा वेल्डिंगची ठिणगी पडली,
मुगाच्या दाण्याएवढी.
आज तिथं खेकडा आहे, नांग्यांसकट,
आणि थंडीत खाजतो.
माझ्या लग्नासाठी कान टोचले
तर पाळीवर चिंचोका उगवला.
कापून काढला,
तर सोयरेधायरे घेऊन परत आला.
जखम तिची भरते, छान भरते,
भरणं कुठं थांबवायचं हे फक्त
तिच्या कातडीला कुणी सांगितलेलं नाही.
माझ्याही नाही.
दंडावर लहानपणीच्या लशीच्या अठरा टोचण्या,
अठराही उठून बसल्यात.

सोम्योनची ती इमारत. अकरा मजले, नऊ दवाखाने.
लिफ्टमध्ये काळ्या चष्म्यातल्या मुली,
वीस-बावीसच्या,
आईला वाट देत भिंतीला चिकटल्या.
डॉक्टर ग्वाकनी डोळ्यांआधी
सदऱ्याचं वरचं बटण काढायला सांगितलं.
खेकडा पाहिला. मोजपट्टी लावली.
मग म्हणाल्या,
पापणीची कातडी अंगात सगळ्यात पातळ,
तिथं असं सहसा होत नाही.
नाकाकडचा कोपरा मात्र मी उघडणार नाही,
तिथं ताण पडतो, तिथं वण माजतो.
आणि सहसा म्हणजे वचन नव्हे.

आई बघत राहिली.
मी तिच्या उजव्या कानात ओरडले,
सहसा!
बाहेरच्या सगळ्या चष्म्यांनी माना वळवल्या.

गोदीतही हेच सांगायचे, आई म्हणाली.
फळी सहसा तुटत नाही.

फळी एकदाच तुटली होती.
तिच्या शेजारची.
ते नाव ती घेत नाही.

परतताना बसमध्ये, पुलावर, मी न राहवून विचारलं,
कोण बघणारेय आता तुझ्याकडे?
तिनं पिशवीतला संत्र्याचा तुकडा तोंडात टाकला,
बी खिडकीबाहेर थुंकली.
सगळे, म्हणाली.
फुलांच्या मधोमध ठेवतात ना तो फोटो,
तो काढून ठेवायचाय.
लोक वाकून नमस्कार करणार
आणि मी तिथं पेंगताना दिसणार,
बरं दिसतं का ते?

त्याला आता सहा आठवडे झाले.
टाके निघाले, सूज निघाली,
सूप पिताना ती माझ्याकडे असं बघते
की मी वाटी खाली ठेवते.
इतके उघडे डोळे तिचे मी
कधी पाहिले होते, आठवत नाही.

रात्री मात्र ती झोपली की
मोबाईलचा दिवा ओढणीत गुंडाळून
मी तिच्या उशाशी बसते.
डावीकडची रेघ फिकट.
उजवीकडची लाल,
आणि शेवटाकडे, कानशिलाच्या बाजूला,
तांदळाच्या कणीएवढं काहीतरी.
कालही होतं का?
बोटाचं टोक टेकवते.
कडक आहे? उंच आहे?
तिच्यासारखं मला आवाजावरून कळत नाही.

ती रेघ तिला आरशात कधीच दिसायची नाही.
डोळे मिटले तरच दिसते ती,
आणि मिटल्यावर
बघायला उरते मी.

आज बोट टेकवलं तशी ती हलली.
डोळा उघडला, एकच, उजवा.
कणी घडीत गेली.

दिवा काढ, म्हणाली.
मी अजून फोटो झाले नाहीये.