मेलेल्यांची वही

सुवाच्या या खोलीत हवा वीस अंशांवर थबकलेली,
पांढऱ्या दिव्यांखाली काचेच्या नळ्या,
नळीत बोटाच्या पेराएवढं अळू.
इथे त्याला दालो म्हणतात.
बेटाबेटावरचं एकेक दालो,
शेतात समुद्र शिरलाच
तर परत मागता यावं म्हणून ठेवलेलं.

उनाइसी अकरा वर्षं हेच करते :
चिमटा ज्योतीत धरायचा,
कोंब कापायचा, नव्या जेलीत रोवायचा,
चिठ्ठी लावायची.
काही महिन्यांनी सगळं पुन्हा.
अकरा वर्षांत हात चुकत नाही असं नाही.

नायजेरियाहून मोरेनिके आली.
तिच्याकडे इबादानला कोनफळं असतात, अशाच नळ्यांत.
ठरलं होतं : यंदा तिनं हिचं घर तपासायचं,
पुढच्या साली हिनं तिचं.
आल्या आल्या चहा नको म्हणाली.
वही मागितली.

वही स्वच्छ होती,
इतकी, की मोरेनिके हसली नाही.
"मेलेली कुठायत?"

"आमच्याकडे मरत नाहीत."

गारव्याचं यंत्र तेवढं घरघरत राहिलं.

मग मोरेनिकेनं पिशवीतून काढली
एक फुगलेली वही, तिची स्वतःची.
लाल शाईत पानंच्या पानं :
बुरशी. वीज गेली, जनरेटर उशिरा.
दोन नळ्यांवर एकच नाव. नाव आहे, कोंब नाही.
एका पानावर नुसतं 'माझी चूक', आणि तारीख.
"तू आधी वाच," म्हणाली, "मग मी विचारते."

उनाइसी उभ्यानं वाचत गेली,
मग बसली,
मग उठून मागच्या फळीवरून, खोक्याआडून
तिनं नळी काढली. दोनशे अठ्ठेचाळीस.
आत गढूळ जेली, दुसरं काही नाही.

सामोआच्या फालेआफानं दिलेला कंद,
केळीच्या पानात बांधून, बोटीतून स्वतः आणलेला,
त्याच्या आईचं दालो, जांभळ्या देठाचं,
घशाला न खाजणारं.
जपलंय, असं ती दर नाताळात फोनवर सांगायची.
तीन नाताळ.
अळवावरचं पाणी टेकतं, पण पान भिजत नाही,
तसं ते वाक्य वहीवर टेकून होतं
एका धक्क्याची वाट बघत.

दोघी मोजत बसल्या.
चारशे बारा नळ्या. एकोणतीस गेलेल्या.
चौदा एकमेकींच्या जुळ्या.
चौथ्या तासाला मोरेनिकेनं चहा मागितला.
आणि तीनशे एकवर नाव भलतंच,
पण देठ जांभळा.

"तेच आहे हे!"
"'असेल' लिही," मोरेनिके म्हणाली,
"'आहे' लिहू नकोस."

संध्याकाळी सामोआला फोन लागला.
उनाइसीनं सगळं सांगितलं, लाल शाईसकट.
पलीकडे बराच वेळ फक्त कोंबड्या.
मग म्हातारा म्हणाला,
"किती आहेत?"
"एक."
"मग आधी तीन कर.
एक तुझ्यापाशी, एक त्या वहीवालीपाशी.
तिसरं मला पाठव.
शिजवून सांगतो, आईचं आहे का ते."