इतिवृत्त

महिन्याचा दुसरा मंगळवार, संध्याकाळचे सात.
शाळामंडळाच्या सभागृहात मी कडेच्या टेबलाशी बसते,
झेंड्याच्या दांडीला खेटून,
आणि जे बोललं जातं त्याची नोंद टाइप करते.
बोलणाऱ्याला दोन मिनिटं. मग घंटी,
मायक्रोवेव्हमधलं सूप गरम झाल्यासारखी.

विषय क्रमांक अकरा, ब.
या खोऱ्यात राबलेल्यांचा, इथं आणलेल्यांचा,
इथून हुसकून लावलेल्यांचा इतिहास
सरकारी शाळेत वर्षभर शिकवावा.
मार्चपासून चार वेळा पुढे ढकललेला.

"नोंदीसाठी नावाचं स्पेलिंग सांगा," अध्यक्ष म्हणतात.
रेमेडिओस काबानिल्या एकेक अक्षर सुटं करून देते.
तेवीस वर्षं विज्ञान शिकवतेय, तरी दर वेळी.
वडिलांची ॲस्परॅगस कापायची सुरी तिनं आणली होती;
ती दारावरच्या पहारेकऱ्यानं ठेवून घेतली.
म्हणून ती वाकून नुसती मूठ वळवून दाखवते:
अशी. जमिनीखाली दोन बोटं. दिवसाला दहा तास.
घंटी वाजते तेव्हा ती अजून वाकलेलीच.

माय न्हिया वांग काहीच बोलत नाही.
आईनं टाक्यांनी भरलेलं कापड उलगडते,
निळी नदी, नदीत माणसं, बांबूला धरलेलं एक पोर.
उलगडायला एक मिनिट, घडी घालायला एक.
मी बोटं कळांवर ठेवून बसून राहते.
नदी कशी टाइप करायची?

मग हॅल्वरसन उभे राहतात. भले गृहस्थ;
हिवाळ्यात माझी गाडी बंद पडली तेव्हा
रात्री अकराला केबल घेऊन आले होते.
"पोरांना धड वाचता येईना," म्हणतात,
"आणि तुम्ही त्यांना कोण कुणाचं देणं लागतो ते शिकवणार."
त्यांचाही आवाज कापतो. तेही मला लिहिता येत नाही.

नियम असा: नाव, आणि बाजूने की विरोधात.
बाकी सगळं हवेत सोडून द्यायचं.

शेवटी ओडेसा पेटिग्रू, बीजगणिताच्या बाई.
त्यांच्या गॅरेजात दर शनिवारी हे सगळे जमतात,
कपडे वाळवायचं यंत्र आणि शिडी यांच्या मधल्या जागेत
धडे लिहितात, खोडतात, भांडतात,
झेरॉक्सचे पैसे आपापल्या खिशातून भरतात.
"आम्ही कुणाचं पुस्तक काढून घेत नाही," त्या म्हणतात.
"कोरी पानं तुमच्याच पुस्तकात आहेत.
आम्ही फक्त विचारतोय, ती कोरी कुणी ठेव–"
घंटी.

आणि मला उगाच आमचा गोठा आठवतो.
वडील असोरेस बेटांवरून आलेले,
पहाटे दोनला उठून दुसऱ्याच्या तीनशे गाई पिळायचे.
मी इदालीना. पहिलीतल्या बाई म्हणाल्या,
जीभ अडखळते गं, लिंडा म्हणू या.
तेव्हापासून लिंडा. पगाराच्या चेकवरही लिंडा.
गाईंची नावं मात्र कुणी बदलली नाहीत.
एस्त्रेला, मिमोझा, फिदाल्गा:
हाक मारली की अंधारातून बरोब्बर चालत यायच्या.

दहा चाळीसला विषय पाचव्यांदा पुढे ढकलला.
अनुमोदन मिळालं. मी तेही टाइप केलं.
घरी जाऊन मसुदा उघडला तर
प्रत्येक नावापुढे एकाच्या जागी अकरा-अकरा ओळी,
त्यात हॅल्वरसनचा कापरा आवाजसुद्धा.
पुसायला बोट गेलं होतं. राहू दिलं.

पण ते नंतर. त्याआधी पार्किंगमध्ये
पेटिग्रूबाई खोकी गाडीत चढवत होत्या.
मी एक खोकं उचललं, आणि विचारलं,
तुमच्यात दूधवाल्यांचं चालेल का?
त्यांनी डिकी दोनदा आपटून लावली. ती लागतच नाही.
"शनिवारी नऊला," म्हणाल्या.
"आणि हे बघ, खुर्च्या कमी पडतात.
येताना तुझी घेऊन ये."