जे कानावर पडेल ते

माझी खुर्ची हेल्काच्या डाव्या बाजूला,
वीतभर मागे.
मांडीवर कळफलक, तिच्या बाकावर छोटा पडदा,
आणि करारात एकच ठळक ओळ:
जे कानावर पडेल ते लिहायचं.
कान माझे. डोळे तिचे.

जानेवारीत ओउलूला दहा वाजले तरी उजाडत नाही.
नऊच्या तासाला खिडकीच्या काचेत
बाहेरचं काही नसतं, आपलीच तोंडं असतात.
प्राध्यापक रासिलाइनेन दलदल शिकवतात:
पीटचा थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर चढतो,
त्यात पडलेलं पान, परागकण, हाडूक
सहजासहजी कुजत नाही.
ते हळू शिकवतात, पण बोलतात भरभर,
आणि मी त्यांच्या दीड वाक्य मागे
धापा टाकत.

आमच्या भाषेत एक अक्षर गळलं
की वाऱ्याची आग होते.
पहिल्या आठवड्यात मी अख्ख्या दलदलीवरून
ईशान्येची आग वाहवली होती.
हेल्का बाकावर कपाळ टेकून हसली,
खांदे हलत होते नुसते.

मध्यंतरी विद्यापीठाने एक यंत्रही आणून पाहिलं.
माझ्यापेक्षा जलद होतं, खोटं कशाला बोलू.
पण खोकल्याला त्याने ‘हो’ लिहिलं,
आणि रासिलाइनेनच्या गावाकडच्या बोलीचं
पार भरीत केलं.
मी परत आले. यंत्रही आहे, कपाटात,
मी आजारी पडायची वाट बघत.

मी लिहिते:
(खोकला. मागची रांग.)
(रेडिएटर टिकटिकतोय.)
(विनोद. तिघे हसले.)
विनोद तिच्यापर्यंत पोचतो तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो.
ती एकटीच हसते, आणि माना वळतात.
ते मला लिहिता येत नाही.
मान वळण्याला आवाज नसतो.

मंगळवारी, रासिलाइनेन फळा पुसत असताना,
मागून कुणीतरी शेजाऱ्याला म्हणालं,
फार हळूही नाही:
“एकीसाठी एक अख्खा पगार.
आणि उद्या रानात हिला अस्वल ऐकू येणार आहे का?”

माझी बोटं थांबली.
कर्सर लुकलुकत राहिला.
(मागे कुजबुज.) असं लिहिता आलं असतं.
ते खोटंही नव्हतं.
माझी आई म्हणायची, ऐकलं न ऐकलं करावं,
पण हे न ऐकलेलं करायचा हक्क
मला कुणी दिला?

हेल्काने पडद्याकडे नाही,
माझ्या हातांकडे पाहिलं.
मग बाकावर बोटाने दोनदा टकटक.

मी लिहिलं. सगळं. शेवटचं फिस्सकन हसणंसुद्धा.

तिने वाचलं, सावकाश, पावतीवरचे आकडे वाचावेत तसं.
हात वर केला.
तिचा आवाज थोडा नाकातला, कडा झिजलेला,
आणि वर्गात तो क्वचितच निघतो.
“सर, दलदलीत आवाज कितपत पोचतो?”
रासिलाइनेन खूश. “फारसा नाही!
शेवाळ गिळून टाकतं.”
ती मागे वळली. नेमकं कोण ते तिला ठाऊक नव्हतं,
पूर्ण रांगेलाच म्हणाली,
“म्हणजे अस्वल तुलाही ऐकू येणार नाही.”

(हशा. सगळा वर्ग.)
मी हे लिहिलं तोवर ती हसून मोकळी झाली होती,
माझ्या दीड वाक्य पुढे.

रात्री फाइल पाठवण्याआधी मी चुका दुरुस्त करते.
दोन आगींचे वारे केले,
एका हरवलेल्या स्वल्पविरामाला जागा दिली.
अस्वलाला हात लावला नाही.
पाठवली, कॉफी ओतली,
तोच तिचा निरोप:
सगळं आहे. पण तू थांबलीस, ते कुठंय?

मी फाइल पुन्हा उघडली.
अस्वलाच्या ओळीच्या वर, कंसात:
(शांतता. दोन सेकंद. माझी.)